कागदाला बोली लागते तेव्हा



लिलाव म्हटला की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येते? कर्ज थकलेल्याच्या दारातून बाहेर काढलेली भांडी, हप्ते चुकले म्हणून ओढून नेलेली रिक्षा, नाहीतर मार्केट यार्डातला कांदा. लिलाव हा शब्दच आपल्याकडे अपशकुनासारखा ऐकला जातो. पण जगात असाही एक लिलाव आहे, जिथे हाताने लिहिलेल्या चार ओळींच्या कागदाला बोली लागते आणि त्या कागदाच्या किमतीत आपल्या वस्तीतली दहा घरे उभी राहतील. अशा लिलावाबद्दल आज थोडे लिहावेसे वाटते. कारण हा विषय लंडनचा असला तरी त्याचे एक टोक आपल्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेपर्यंत येऊन पोचते.

जुलै २००७ मधली गोष्ट. लंडनच्या क्रिस्टीज नावाच्या लिलाव कंपनीने गांधीजींच्या हस्ताक्षरातील एक मजकूर विक्रीला काढला. ११ जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे त्यांच्या खुनाच्या अवघे १९ दिवस आधी, त्यांनी तो 'हरिजन' पत्रासाठी लिहिला होता. 'हरिजन'ची उर्दू आवृत्ती चालवावी की बंद करावी, असा प्रश्न होता आणि फाळणीच्या त्या दिवसांत मुसलमान बांधवांशी सहिष्णुतेने वागावे, असे त्यांचे सांगणे होते. कंपनीने अंदाजे किंमत लावली होती नऊ ते बारा हजार पौंड. बातमी भारतात येताच आरडाओरडा झाला, दिल्लीत धावपळ झाली आणि लिलाव होण्यापूर्वीच भारत सरकारने तो कागद विकत घेतला.

पुढे २०१२ साली तसेच घडले. हर्मन कॅलनबाख हे गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले जिवलग स्नेही. व्यवसायाने वास्तुशिल्पकार. जोहान्सबर्गजवळची स्वतःची अकराशे एकर जमीन त्यांनी १९१० साली सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहायला दिली, तिथेच टॉल्स्टॉय फार्म उभा राहिला. ते १९४५ साली वारले. गांधीजींची, त्यांच्या मुलांची आणि सहकाऱ्यांची पत्रे, कागद, छायाचित्रे असा मोठा साठा त्यांच्या नातेवाइकांनी सांभाळून ठेवला होता. हा साठा १० जुलै २०१२ रोजी लंडनला सोथबीज कंपनीत लिलावात निघायचा होता. पुन्हा भारत सरकार मध्ये पडले, सुमारे सात लाख पौंड मोजले आणि लिलाव रद्द झाला. ते कागद आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

असा लिलाव चालतो कसा, हेही थोडे समजून घेतले पाहिजे. कंपनी एक छापील यादी काढते. प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो, तिचा इतिहास असतो आणि अंदाजे किंमत दिलेली असते. ठरल्या दिवशी लोक जमतात, काहीजण फोनवरून बोलतात. बोली चढत जाते, पुढे कोणी बोलेनासा झाला की हातोडा पडतो. कंपनी आपले टक्के कापून घेते. घेणाऱ्याने आपले नाव जाहीर केलेच पाहिजे असे नाही. त्याने ते पत्र भिंतीवर लावावे, तिजोरीत ठेवावे, पुन्हा विकावे, किंवा पन्नास वर्षे कोणालाही दाखवू नये. तो मालक, त्याची मर्जी. म्हणजे ज्या कागदात एका देशाचा इतिहास आहे तो एका माणसाच्या कपाटात बंद होऊ शकतो. लिलावातली खरी भीती पैशाची नाही, ह्या बंद कपाटाची आहे.

आता कोणी म्हणेल, "ही गांधीजींच्या पत्रांची कथा आम्हाला कशाला? आमच्या बाबासाहेबांचे आणि त्यांचे मतभेद साऱ्या जगाला ठाऊक आहेत." खरे आहे. पण ज्याचे मतभेद असतात त्यालाच मूळ कागदाची गरज जास्त असते, असे मला वाटते. ज्याच्या बाजूने सारी पाठ्यपुस्तके बोलतात त्याचे कागदावाचून फारसे अडत नाही. ज्याला "असे घडले नव्हते, तसे घडले होते" हे सिद्ध करावे लागते, त्याला कागद लागतो. बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. १९४५ साली त्यांनी 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या शेवटी परिशिष्टांची रास जोडली. नुसता आरोप केला नाही, कागद पुढे ठेवले. वकिलाचा तो हात होता.

आणि कागद सांभाळण्याच्या बाबतीत दोन्ही बाजूंची स्थिती किती वेगळी होती ते पाहा. गांधीजींच्या शेजारी महादेवभाई देसाई आणि प्यारेलाल यांच्यासारखे सचिव होते, शब्द न् शब्द टिपला जात होता. त्यांच्या समग्र वाङ्मयाचा पहिला खंड १९५८ साली निघाला आणि १९९४ पर्यंत शंभर खंड पुरे झाले. इकडे बाबासाहेबांचे टंकलेखन नानकचंद रत्तू आपली सरकारी नोकरी संपवून संध्याकाळी येऊन करीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले आणि त्यानंतर बाबासाहेबांचे कितीतरी अप्रकाशित लेखन वर्षानुवर्षे पेट्यांत, न्यायालयाच्या ताब्यात पडून राहिले. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला तो १९७९ साली. महापरिनिर्वाणानंतर तेवीस वर्षांनी! वसंत मून यांनी त्या कामात आपले आयुष्य घातले.

त्या पेट्यांतल्या कागदात काय ताकद होती ते आपण १९८७-८८ साली पाहिले. 'रिडल्स'चा खंड प्रसिद्ध झाला, त्यातला राम-कृष्णावरचा भाग वगळावा म्हणून गदारोळ उठला आणि मुंबईचे रस्ते आपल्या लोकांच्या मोर्चाने भरून गेले. तो कागद पेटीत कुजला असता, तर वगळायला तरी काय उरले असते? बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आठवणी, 'वेटिंग फॉर अ व्हिसा', पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिका म्हणून छापल्या त्या १९९० साली. मसूरच्या स्टेशनावर ताटकळलेली ती लहान भावंडे, बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून हाकलला गेलेला तो परदेशी शिकून आलेला तरुण. हे सारे त्यांच्याच शब्दांत आज आपल्या मुलांना वाचता येते ते कोणीतरी ती वही जपली म्हणून.

पत्रांचेही तसेच. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. तो पुढे का थांबवला, याबद्दल लोक वाटेल ते बोलतात. पण बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ रोजी भाऊराव, म्हणजे आपले दादासाहेब गायकवाड, यांना लिहिलेले पत्र आहे. देवाच्या पायाशी जाण्यासाठी हा लढा नव्हता, आपल्या लोकांना जागे करण्याचा तो मार्ग होता, ते काम झाले, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्याचा आशय आहे. दादासाहेबांनी ते पत्र वाचून चुलीत घातले असते तर? रात्रंदिवस सभा, मोर्चे, तुरुंग यांत ज्याचे आयुष्य गेले त्या माणसाने पत्रे जपली. म्हणून आज आपण उत्तर देऊ शकतो.

आणखी एक उदाहरण देते. १९४६ च्या जुलै महिन्यात बाबासाहेबांनी अमेरिकेतील निग्रो समाजाचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला आहे त्याच्या प्रती मला पाठवा, आम्हीही तसा विचार करीत आहोत, असे त्यात होते. ड्यू बॉईस यांनी सहानुभूतीचे उत्तर दिले. हे पत्र अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्याला कोणी बोली लावत नाही. ते कोणालाही पाहता येते, फुकट पाहता येते. सात समुद्रांपलीकडच्या दोन दलित समाजांनी एकमेकांना हाक मारली होती, याचा तो पुरावा आहे. पत्राचे भाग्य असावे तर असे.

हे झाले मोठ्या माणसांचे. आपल्या घरातल्या कागदांचे काय?

आपल्याकडे कागद मुळातच कमी. ज्या पिढीने चळवळ केली त्या पिढीतल्या पुष्कळांना सही करता येत नव्हती. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहिले. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे. तिथे माणसाला पाय पसरायला जागा नाही, कागदाला कुठून येणार? खोल्या बदलल्या, झोपड्या तुटल्या, गळक्या छपराने ट्रंका भिजवल्या. माझ्या मावशीच्या यजमानांनी 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे अंक दोरीने बांधून कुर्ल्याच्या खोलीत ठेवले होते. २६ जुलै २००५ च्या पावसात कमरेएवढे पाणी घरात आले. माणसे माळ्यावर चढून वाचली. चौथ्या दिवशी ट्रंक उघडली तेव्हा आत नुसता लगदा. काका ट्रंकेजवळ बसून राहिले, जेवले नाहीत. मावशी म्हणाली, "अहो, पोरं वाचली ना?" ते म्हणाले, "पोरं वाचली गं. पण पोरांना दाखवायचं काय?"

आमच्या स्वतःच्या घरी एकच कागद उरला होता. एक साधे पोस्टकार्ड.

आजोबा मुंबईत गिरणीत होते. रात्रशाळेत अक्षरे शिकलेले. आजी, माझे वडील आणि आत्या कोकणात गावी. ऑक्टोबर १९५६ मध्ये आजोबा रजा टाकून नागपूरला गेले. १४ ऑक्टोबरला दीक्षा घेतली आणि तिथूनच गावी कार्ड टाकले. कार्डावर नागपूरचा शिक्का आहे, तारीख आहे. मजकूर आठ-नऊ ओळींचा. मी सुखरूप आहे. दीक्षा घेतली. एवढी माणसे जन्मात पाहिली नाहीत, सगळी पांढऱ्या कपड्यांत. देव्हाऱ्याचे मी आल्यावर पाहू, तोवर कोणाशी वाद घालू नये. भात कापायला माणूस बघावा. पोराची शाळा बुडवू नये. बस, इतकेच. ज्या दिवशी लाखो माणसांचा जन्म बदलला, त्या दिवसाच्या पत्रात भाताची कापणी आहे आणि पोराची शाळा आहे.

आमच्या गावी पोस्टमन वाडीत येत नसे. बांधावरून हाक मारी आणि कार्ड दगडावर ठेवून निघून जाई. आजीला वाचता येत नव्हते. चौथीतल्या माझ्या वडिलांनी ते वाचून दाखवले. आत्या तेव्हा सात वर्षांची. ती सांगते, "आईनं बाबाला तीनदा वाचायला लावलं. मग कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं नि विचारलं, माझं नाव कुठं लिवलंय ते दाव." आजीचे नाव आजोबांनी 'सौ.' लावून लिहिले होते. गावात तिला आडनावाने, मानाने हाक मारणारे कोणी नव्हते.

दोन-अडीच वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाकडे एक गृहस्थ आले. जुनी नाणी, तिकिटे, पोस्टाचे कागद घेणारा-विकणारा दलाल. वस्तीतल्याच कोणाकडून त्याला कार्डाचे कळले होते. आधी आठ हजार म्हणाला. दुसऱ्या खेपेला पंचवीस हजारांवर आला. म्हणाला, "तो दिवस, तो शिक्का आणि नागपूर. ह्याला गिऱ्हाईक आहे. पुढे मोठ्या लिलावातसुद्धा जाईल."

भाऊ रिक्षा चालवतो. भाचीचा डिप्लोमाचा प्रवेश त्याच महिन्यात होता. शिष्यवृत्ती मिळणार होती, पण ती मागून. कॉलेजात भरायचे पैसे आधी. रविवारी आम्ही सगळे जमलो. भाऊ जे बोलला ते मला आजही खोडून काढता येत नाही. तो म्हणाला, "ताई, बाबासाहेबांनी पहिला शब्द काय सांगितला? शिका. आजोबांनी कार्डात काय लिहिलंय? पोराची शाळा बुडवू नये. मग त्याच कार्डाच्या पैशानं पोरगी शिकली तर काय वाईट? घरात फी नाही आणि कपाटात पंचवीस हजार पडून आहेत, हे तुला पटतं?"

मी महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून निवृत्त झालेली बाई. मला पैशाची किंमत शिकवायला नको. मी गप्प बसले. आत्या मात्र म्हणाली, "कार्डावर माझ्या आईचं नाव आहे. ते कुणाच्या घरी जाणार ते तरी सांग. तो दलाल नाव सांगतो का गिऱ्हाइकाचं?" भावाने फोन लावला. दलाल म्हणाला, गिऱ्हाइकाचे नाव सांगत नसतात.

तिथे माझ्या मनात गोष्ट स्पष्ट झाली. विकण्यात पाप आहे असे मी म्हणत नाही. कॅलनबाखच्या नातेवाइकांनीही किंमत घेतलीच, आणि पत्रे सर्वांसाठी खुली झाली. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला शिकताना ज्या घरात राहिले ते किंग हेन्री रोडवरचे दहा नंबरचे घर विक्रीला निघाले, तेव्हा महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली पैसे मोजूनच घेतले. पैसे देणे-घेणे हा प्रश्न नव्हे. विकल्यावर ती वस्तू कुठे जाते, हा प्रश्न आहे. नाव न सांगणाऱ्या माणसाच्या कपाटात गेली तर ती जळाल्यासारखीच. गरज कितीही मोठी असली तरी आधी नक्कल काढावी आणि विकायचेच झाले तर लोकांना पाहता येईल अशा संस्थेला विकावे. एवढे केले तर विकणाऱ्याला मी तरी दोष देणार नाही.

कायद्याचेही थोडे सांगते. आपल्या देशात १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा आहे. इतर वस्तू शंभर वर्षांच्या झाल्या की पुरावशेष ठरतात. पण ऐतिहासिक महत्त्वाचे हस्तलिखित, नोंद किंवा कागद असेल तर पंचाहत्तर वर्षे पुरेत. एकदा पुरावशेष ठरला की खाजगी माणसाला तो देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे काळाराम सत्याग्रहाच्या काळातला महत्त्वाचा कागद आज ह्या कायद्याखाली येऊ शकतो. १९५६ च्या कागदाला मात्र २०३१ पर्यंत थांबावे लागेल. दीक्षेच्या काळातले आपले कागद ह्या घडीला अशा उंबरठ्यावर आहेत, आणि दलाल मंडळींना हे आपल्यापेक्षा चांगले कळते.

समाज जागा असला तर लिलाव थांबतो, हे आपण नुकतेच पाहिले. उत्तर प्रदेशात नेपाळच्या सीमेजवळ पिपरहवा येथे १८९८ साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने स्तूप खणला. भगवान बुद्धांच्या अस्थींबरोबर ठेवलेली रत्ने त्यात सापडली. त्यांतला काही वाटा पेपेच्या घरात राहिला आणि त्याच्या वंशजांनी तो ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगमध्ये सोथबीजच्या लिलावात काढला. जगभरच्या बौद्धांनी आक्षेप घेतला, भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावली आणि लिलाव थांबला. पुढे गोदरेज उद्योगसमूहाच्या साहाय्याने ती रत्ने भारतात परत आली. ३० जुलै २०२५ रोजी तशी घोषणा झाली. श्रद्धेने अर्पण केलेल्या वस्तूला यादीतला नंबर लागता कामा नये, हे लोकांनी ठासून सांगितले म्हणून हे घडले. पण रत्नांसाठी सरकार धावते. पोस्टकार्डासाठी कोण धावणार? त्यासाठी घरातल्यांनीच उठायला हवे.

असो. आमच्या घरी काय ठरले ते सांगते. कार्ड विकले नाही. भाचीची फी भरली. मी त्या महिन्यात माझी भिशी मागून घेतली, उरलेले भावाने पतपेढीतून उचलले. ते कर्ज फेडायला त्याला चौदा महिने लागले, रात्रीची रिक्षा चालवावी लागली. हे मी लपवत नाही, कारण कागद जपण्याची किंमत कोणीतरी मोजतेच आणि आमच्यात ती भावाने मोजली. कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या रंगीत प्रती काढून प्रत्येकाच्या घरी एकेक दिली आणि मूळ कार्ड एका सार्वजनिक ग्रंथालयाकडे सोपवायचे ठरवले. त्यावरही भावाने शंका काढलीच. "संस्थेच्या कपाटाला वाळवी लागत नाही होय?" शंका रास्त होती. म्हणून आम्ही चार अटी लिहून घेतल्या. शिक्क्यानिशी पावती द्यावी. कार्ड विकू नये. मागेल त्याला दाखवावे. आणि शेजारी आजोबांचे व आजीचे, दोघांचीही नावे लिहावीत. ग्रंथपालांनी चारही मान्य केल्या. देण्याच्या आदल्या रात्री कार्ड आत्याच्या उशाशी होते.

भाची आता तिसऱ्या वर्षाला आहे. मध्यंतरी तिच्या बापाने तिला विचारले, "विकलं असतं तर बरं झालं असतं का गं?" ती म्हणाली, "पप्पा, तुमची रात्रीची रिक्षा तरी वाचली असती." खरे बोलली पोरगी. पण तिच्या खोलीत भिंतीवर त्या कार्डाची प्रत लावलेली आहे, ती तिने स्वतः लावली आहे.

शेवटी माझ्या माय-भगिनींना चार व्यवहाराच्या गोष्टी. घरात चळवळीचा कोणताही जुना कागद असेल, पत्र, सभेचे हस्तपत्रक, वर्गणीची पावती, दीक्षेच्या वेळचा फोटो, तर तो प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून आणू नका. उष्णतेने कागद जातो आणि ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग पडतो. टाचणी, स्टेपल काढून टाका, गंज धरते. घडी उलगडून सपाट ठेवा, स्वच्छ कोऱ्या कागदात किंवा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. जमिनीपासून उंच ठेवा, चुलीच्या धुरापासून आणि ओल्या भिंतीपासून लांब. मोबाईलने दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शिक्क्याची बाजू विसरू नका, आणि ते फोटो दोन-तीन नातेवाइकांकडे पाठवून ठेवा म्हणजे एका घरात पाणी शिरले तरी दुसऱ्या घरात उरतील.

आणि सर्वांत महत्त्वाचे. हा कागद कोणी लिहिला, कोणाला लिहिला, तेव्हा घरात कोण कोण होते, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. ते सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. लिलाव कंपनीसुद्धा कागदाचा इतिहास लिहून काढल्याशिवाय त्याला यादीत घेत नाही. आपण आपल्या कागदाचा इतिहास का लिहू नये? येत्या रविवारी विहारातली वंदना आटोपली की घरी जाऊन ट्रंक उघडा, म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि विचारा. लिहायचे काम शाळेत जाणाऱ्या पोरीकडे द्या. तिचे अक्षरही पुढे कोणाला तरी लागणार आहे.

जयभीम!